जॅक्सन बरोबर की बिडल? अमेरिकेतल्या बँकेच्या भांडणाबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका पुस्तकात लिहिलंय की राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनने सेकंड बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स मोडून सामान्य माणसाला धनदांडग्यांच्या तावडीतून सोडवलं. दुसऱ्यात लिहिलंय की बँकेचा अध्यक्ष निकोलस बिडल याने चांगली चालवलेली मध्यवर्ती बँक जॅक्सनने हट्टापायी मोडली आणि 1837 चं आर्थिक संकट देशावर ओढवलं. एम.ए.च्या पेपरात यातलं काय लिहायचं?

खरी अडचण अशी की दोन्ही पुस्तकं बँकेच्या विरोधकांना एकच पक्ष समजतात. त्या विरोधकांत निदान तीन तऱ्हेची माणसं होती आणि त्यांच्या मागण्या एकमेकींच्या उलट होत्या. काहींना कागदी नोटाच नको होत्या. काहींना नोटा आणखी हव्या होत्या आणि ही बँक त्याच्या आड येत होती. काहींना फक्त सरकारी ठेवी फिलाडेल्फियाहून, म्हणजे या बँकेच्या मुख्य कार्यालयाहून, आपल्या गावच्या बँकेत यायला हव्या होत्या. बँक पाडण्यापुरतं या सगळ्यांचं जमलं. तिच्या जागी काय आणायचं यावर त्यांचं जमणं शक्यच नव्हतं. 1833 नंतरचा बहुतेक गोंधळ यातून उलगडतो.

बरोबर कोण, हे तुम्ही कोणतं वर्ष आणि कोणता प्रांत धरता यावरही ठरतं. 1819 च्या ओहायोतल्या शेतकऱ्याचा बँकेवरचा राग आणि 1832 च्या न्यूयॉर्कच्या बँकरचा राग एकाच मापाने मोजता येत नाही.

आधी बँक काय होती ते पाहू. रिझर्व्ह बँकेचं चित्र थोडा वेळ बाजूला ठेवा. सेकंड बँकेला 1816 मध्ये काँग्रेसने 20 वर्षांची सनद दिली. भागभांडवल 3 कोटी 50 लाख डॉलर. त्यातला पाचवा हिस्सा सरकारचा, बाकी खाजगी भागधारकांचा. 25 संचालकांपैकी 5 राष्ट्राध्यक्ष नेमणार, 20 भागधारक निवडणार. सनदेच्या बदल्यात बँकेने सरकारला 15 लाख डॉलर द्यायचे. ती व्यापाऱ्यांना कर्ज देई, हुंड्या वटवी, स्वतःच्या नोटा काढी, म्हणजे इतर बँकांशी स्पर्धाही करी. (रिझर्व्ह बँकही 1935 मध्ये भागधारकांची बँक म्हणूनच सुरू झाली होती, सरकारी मालकीची झाली 1949 मध्ये. खाजगी भागधारक ही त्या काळी नवलाची गोष्ट नव्हती.)

आता तिचा धाक कुठून यायचा ते बारकाईने पाहा, कारण सगळ्या भांडणाची किल्ली तिथे आहे. त्या काळी राज्यांनी परवाना दिलेल्या शेकडो बँका आपापल्या नोटा काढायच्या. नोटेवर वचन असे की ती आणून दिली की बदल्यात सोन्यारुप्याचं नाणं मिळेल. बँक दूरची किंवा बदनाम असली की तिची नोट बट्ट्याने, म्हणजे छापील किमतीहून कमी भावाने, चाले. समजा, बॉल्टिमोरच्या आयात व्यापाऱ्याने जकात भरली आणि ती एका स्थानिक बँकेच्या नोटांत भरली. जकातीचा पैसा सरकारच्या वतीने सेकंड बँकेच्या बॉल्टिमोर शाखेत जमा होई. म्हणजे त्या स्थानिक बँकेच्या नोटांची गड्डी आता शाखेच्या हातात. शाखा ती गड्डी स्थानिक बँकेकडे नेऊन म्हणे, नाणं मोजा. सरकारचा महसूल देशभर याच वाटेने येत असल्यामुळे सेकंड बँक जवळजवळ नेहमीच इतर बँकांची धनको असे. ज्या बँकेने तिजोरीतल्या नाण्याच्या मानाने फार नोटा काढल्या असतील, तिच्या गळ्याशी येई. गड्डी किती लवकर पाठवायची, हे शाखेच्या हातात. लवकर पाठवली की स्थानिक बँकेला कर्जं आखडावी लागत, उशिरा पाठवली की तिला श्वास मिळे. कुठल्याही कायद्यात या बँकेला 'नियंत्रक' म्हटलेलं नव्हतं. महसुलाच्या वाटेमुळे ते काम तिच्याकडे आलं. म्हणूनच 1833 मध्ये सरकारी ठेवी काढल्या तेव्हा बँकेचं नुसतं उत्पन्न घटलं नाही, हा लगामच तिच्या हातून सुटला. विद्यार्थी बहुधा इथेच चुकतात: जॅक्सनने 1832 मध्ये वापरलेल्या नकाराधिकाराला शेवट समजतात आणि ठेवींचं प्रकरण दोन ओळींत उरकतात.

सेकंड बँकेच्या आधीच्या पहिल्या बँकेबद्दल थोडक्यात. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनच्या योजनेतून ती 1791 मध्ये उभी राहिली, भांडवल 1 कोटी डॉलर, मुदत 20 वर्षं. जेफरसन आणि मॅडिसन यांचं म्हणणं होतं की राज्यघटनेने काँग्रेसला बँक काढण्याचा अधिकार दिलेलाच नाही. 1811 मध्ये सनदेचं नूतनीकरण प्रतिनिधिगृहात एका मताने पडलं, सिनेटमध्ये 17 विरुद्ध 17 अशी बरोबरी झाली आणि उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज क्लिंटनने विरोधात मत टाकलं. गंमत म्हणजे जेफरसनच्याच पक्षाचा अर्थमंत्री अल्बर्ट गॅलाटिन नूतनीकरणाच्या बाजूने होता. नंतर इंग्लंडशी युद्ध झालं, 1814 मध्ये न्यू इंग्लंड सोडून बहुतेक बँकांनी नाणं देणं थांबवलं, सरकारला कर्ज उभारणं जड गेलं, आणि 1791 मध्ये घटनेचा दाखला देणाऱ्या त्याच मॅडिसनने राष्ट्राध्यक्ष म्हणून 1816 मध्ये दुसऱ्या बँकेच्या सनदेवर सही केली. सिनेटर हेन्री क्लेने 1811 मध्ये बँकेविरुद्ध भाषण केलं होतं, 1832 मध्ये तोच तिचा सेनापती. डॅनियल वेब्स्टरने 1816 मध्ये विरोध केला होता, पुढे तो बँकेचा वकील झाला. 'अमका बँकवाला, तमका विरोधक' असा तक्ता करणार असाल तर प्रत्येक नावापुढे वर्ष घाला, नाहीतर तक्ता खोटा ठरेल.

दुसऱ्या बँकेची सुरुवात वाईट झाली आणि लोकांच्या मनातली अढी तिथून बसली. पहिला अध्यक्ष विल्यम जोन्स याच्या काळात शाखांनी सैल हाताने कर्जं वाटली. बॉल्टिमोर शाखेत तर अधिकाऱ्यांनीच संगनमताने बँकेला लुटलं. मग 1818 मध्ये एकदम ब्रेक लावला, पुढचा अध्यक्ष लँगडन चीव्ह्जने 1819 पासून तो आणखी दाबून धरला. बँक वाचली, पण पश्चिमेकडच्या राज्यांत जमिनी आणि घरं कर्जापोटी बँकेच्या ताब्यात गेली. कापसाचे भाव पडल्याने मंदी आली असती तरी लोकांना समोर दिसत होती ती ही बँक. मॅरीलँडने तिच्यावर कर बसवला. 1819 मध्ये मॅकुलक विरुद्ध मॅरीलँड खटल्यात सरन्यायाधीश मार्शलने बँक घटनात्मक ठरवली आणि राज्याला तिच्यावर कर लावता येणार नाही असं सांगितलं. ज्याच्या नावाने हा खटला गाजला तो जेम्स मॅकुलक बॉल्टिमोर शाखेचा रोखपाल, लुटीतल्या मंडळींपैकीच एक. ओहायोने निकालाच्या थोडं आधीच शाखेमागे 50,000 डॉलर कर लावला होता आणि निकालाला न जुमानता त्याच वर्षी चिलिकॉथी इथल्या शाखेतून तो जबरदस्तीने उचलला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात 1824 मध्ये बँकेच्या बाजूने मिटलं.

1823 मध्ये निकोलस बिडल अध्यक्ष झाला आणि पुढची काही वर्षं बँक खरोखर चांगली चालली. दक्षिणेत पीक निघालं की तिथल्या शाखा हुंड्या विकत घेत, माल न्यूयॉर्कला किंवा लिव्हरपूलला विकला गेला की ती रक्कम परत येई, त्यामुळे हंगामी तंगी कमी झाली. नोटांवरचा बट्टाही बराच उतरला. एक अडचण होती: कायद्याने प्रत्येक नोटेवर अध्यक्ष आणि रोखपाल यांची सही लागे आणि सगळ्या शाखांसाठी लहान नोटांवर सह्या करणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं होतं. 1827 पासून बिडलने तोड काढली. शाखेचा अधिकारी फिलाडेल्फियाच्या मुख्य कार्यालयावर 5, 10 किंवा 20 डॉलरची छापील हुंडी काढी, शाखेतलाच दुसरा माणूस मागे सही करून ती धारकाला देय करी, आणि ती नोटेसारखी फिरे. सोय झाली, पण सनदेत न बसणारं चलन काढल्याचा आरोप करायला विरोधकांना जागाही मिळाली.

बिडलचा स्वभाव इथे विसरू नका. बँकेने कधी राज्य-बँकांना छळलं का, असं सिनेटच्या समितीने 1830 मध्ये विचारलं. त्याचं उत्तर होतं: कधीच नाही, बँकेने आपली शक्ती वापरली असती तर फार थोड्या बँका वाचल्या असत्या, पण एकीलाही इजा केलेली नाही. त्याला वाटलं आपण संयमाचा पुरावा दिला. ज्यांना मुळात एवढी सत्ता एका खाजगी माणसाच्या हाती असणंच खुपत होतं, त्यांच्या हातात आयतं कोलीत मिळालं. माझ्या मते बँकेविरुद्धचा सगळ्यात वजनदार युक्तिवाद हाच आहे, आणि तो बिडलच्याच तोंडचा आहे. लगाम चांगल्या हातात होता हे मान्य करूनही विचारता येतं की हात बदलला तर काय, आणि तो हात कोणाला उत्तरदायी.

जॅक्सनने डिसेंबर 1829 च्या पहिल्याच वार्षिक संदेशात बँकेवर शंका घेतली. सनद 1836 पर्यंत होती, घाई नव्हती. पण क्ले आणि वेब्स्टर यांनी बिडलला निवडणुकीच्या वर्षातच नूतनीकरणाचा अर्ज करायला लावलं: जॅक्सनने सही केली तर बँक जिंकली, नाकारलं तर तो निवडणूक हरेल असा हिशोब. जून आणि जुलै 1832 मध्ये विधेयक सिनेटमध्ये 28-20 आणि प्रतिनिधिगृहात 107-85 मतांनी संमत झालं. 10 जुलैला जॅक्सनने ते परत पाठवलं आणि सिनेटला दोन तृतीयांश मतं जमली नाहीत.

तो नकाराचा संदेश मुळातून वाचा, लांबट आहे पण वाचनीय. लिहायला जॅक्सनचा सल्लागार एमॉस केंडल आणि महान्यायवादी रॉजर टॉनी यांचा हात होता. वाचताना त्यातले धागे वेगळे करा. एक घटनेचा: न्यायालयाने काही ठरवलं तरी काँग्रेस आणि राष्ट्राध्यक्ष घटनेचा अर्थ स्वतः लावू शकतात. एक मक्तेदारीच्या किमतीचा: ही सवलत निदान 1 कोटी 70 लाख डॉलरची आहे आणि सरकार ती 30 लाखांना, वर्षाला 2 लाख अशा 15 हप्त्यांत विकतंय. एक परक्यांचा: चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग परदेशी लोकांकडे आहेत. यातला शेवटचा लढाऊ असला तरी दुबळा आहे, कारण परदेशी भागधारकांना संचालकांच्या निवडणुकीत मतच नव्हतं. आणि शेवटी तो भाग, ज्यात श्रीमंत आणि बलवान लोक सरकार स्वतःच्या फायद्यासाठी वाकवतात, असं म्हटलंय. नोटांचं नियमन पुढे कोण करणार, याबद्दल मात्र ठोस योजना सापडत नाही. त्यावर एक शब्द जास्त लिहिला असता तर नाणंवाले आणि नोटावाले यांतले एक तरी बिथरले असते.

बिडलला तो संदेश इतका वेडगळ वाटला की बँकेने स्वतःच त्याच्या 30,000 प्रती छापून वाटल्या. निवडणुकीत जॅक्सनला 219 निर्वाचक मतं, त्याच्याविरुद्ध उभ्या असलेल्या क्लेला 49.

आता ठेवींचं प्रकरण. 1816 च्या कायद्याच्या 16 व्या कलमानुसार सरकारी पैसा बँकेत ठेवायचा, अर्थमंत्र्याने वेगळा आदेश दिला तर गोष्ट निराळी, आणि दिल्यास त्याने काँग्रेसला कारण कळवायचं. अधिकार राष्ट्राध्यक्षाच्या नव्हे तर अर्थमंत्र्याच्या नावावर आहे, हे नीट लक्षात घ्या. अर्थमंत्री लुई मॅक्लेन राजी नव्हता, त्याला परराष्ट्र खात्यात हलवलं. विल्यम डुएनला आणलं, त्यानेही आदेश द्यायला नकार दिला आणि राजीनामाही देईना. 23 सप्टेंबर 1833 ला त्याला काढलं. मग टॉनीला अर्थमंत्री केलं आणि त्याने आदेश दिला. 'ठेवी काढल्या' म्हणजे गाड्या भरून नाणी हलवली असं नाही. 1 ऑक्टोबरपासून नवा महसूल निवडक राज्य-बँकांत जमा व्हायला लागला आणि सेकंड बँकेतली जुनी शिल्लक, सुमारे 1 कोटी डॉलर, रोजच्या सरकारी खर्चाने हळूहळू उतरवली. शिवाय टॉनीने काही निवडक बँकांना मोठ्या रकमेचे धनादेश आधीच देऊन ठेवले होते, बिडलने त्यांच्यावर नाण्यासाठी चाल केली तर बचाव म्हणून. बॉल्टिमोरच्या युनियन बँकेने तसा 1 लाखाचा धनादेश गरज नसताना वटवून सट्ट्यात घातला, आणि टॉनीचे स्वतःचे त्या बँकेत भाग होते. विरोधी वर्तमानपत्रांनी या बँकांना 'लाडक्या बँका' म्हणायला सुरुवात केली, ते नाव उगाच चिकटलं नाही.

बिडलने कर्जं आखडली. ठेवी जाणार म्हटल्यावर काही आखडणं भागच होतं. पण 1834 च्या जानेवारीत त्याने बोस्टनच्या विल्यम ॲपल्टनला लिहिलं की सर्वदूर हालअपेष्टा झाल्याशिवाय काँग्रेसवर परिणाम होणार नाही. हे पत्र वाचल्यावर गरजेचा युक्तिवाद पुरा पडत नाही. व्यापाऱ्यांची शिष्टमंडळं जॅक्सनकडे गेली की तो म्हणे, निकोलस बिडलकडे जा. फेब्रुवारीत पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर जॉर्ज वुल्फ बँकेविरुद्ध बोलला, मार्चमध्ये गॅलाटिनसह न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांनी बिडलवर दबाव आणला. घरच्याच माणसांनी हात सोडले. 28 मार्चला सिनेटने जॅक्सनच्या निषेधाचा ठराव 26-20 ने केला खरा, पण एप्रिलमध्ये प्रतिनिधिगृहाने बँकेचं नूतनीकरण नको असं ठरवलं आणि विषय संपला.

वेब्स्टरचं एक पत्र याच सुमाराचं, डिसेंबर 1833 चं. सिनेटमध्ये बँकेची बाजू मांडणारा हा गृहस्थ बिडलला लिहितो की माझं मानधन नेहमीप्रमाणे नव्याने आलेलं नाही, संबंध राहावेत असं वाटत असेल तर पाठवून द्यावं. बँक राजकारण विकत घेते या आरोपासाठी याहून चांगला कागद मिळणार नाही.

तर 1837 चं खापर जॅक्सनवर फोडायचं का? जुनं स्पष्टीकरण सरळ होतं: लगाम गेला, लाडक्या बँकांनी नोटांचा पूर आणला, सट्टा वाढला, फुगा फुटला. आकडे वरवर जुळतातही. सरकारी जमिनीची विक्री 1834 मध्ये सुमारे 49 लाख डॉलरची होती, 1836 मध्ये जवळपास अडीच कोटींची. पण नंतरच्या अर्थ-इतिहासकारांनी बँकांच्या ताळेबंदातलं नाणं आणि नोटा यांचं प्रमाण तपासलं, तेव्हा ते फारसं घसरलेलं आढळलं नाही. नोटा वाढल्या कारण देशात चांदीच वाढली होती. ती मेक्सिकोहून येत होती आणि पूर्वीसारखी चीनला जात नव्हती. कँटनमध्ये चहा-रेशमाचे पैसे अमेरिकन व्यापारी आधी चांदीत देत, आता लंडनवरच्या हुंड्या चालू लागल्या, कारण चिनी बाजाराला भारतातून येणाऱ्या अफूची किंमत चुकवायला त्याच सोयीच्या होत्या. त्या अफूतला माळव्याचा माल मुंबई बंदरातून जाई. फिलाडेल्फियातल्या भांडणाचा मुंबईशी असलेला हा धागा मराठी उत्तरपत्रिकेत क्वचितच दिसतो. लिहिलात तर परीक्षक थांबेल.

याचा अर्थ जॅक्सनची धोरणं निर्दोष होती असाही नाही. जून 1836 च्या कायद्याने सरकारी शिलकीतले 50 लाख सोडून उरलेली रक्कम, सुमारे 3 कोटी 70 लाख डॉलर, 1837 च्या सुरुवातीपासून चार हप्त्यांत राज्यांना वाटायची ठरली. त्यासाठी बँकाबँकांत मोठाल्या रकमा हलवाव्या लागल्या. 11 जुलैच्या आदेशाने सरकारी जमिनीचे पैसे सोन्याचांदीतच घ्यायचे ठरले. त्याच उन्हाळ्यात बँक ऑफ इंग्लंडने व्याजदर चढवला, नंतर कापूस पडला. 10 मे 1837 ला न्यूयॉर्कच्या बँकांनी काखा वर केल्या. या कारणांची तुलना करताना मी परदेशी कारणांना झुकतं माप देतो, पण सेकंड बँक जागेवर असती तर धक्का किती सौम्य झाला असता, याचं उत्तर तुम्ही बिडलला किती समजूतदार मानता यावर अवलंबून राहतं. त्याची बँक पेनसिल्व्हेनियाच्या सनदेवर पुढे चालली, कापसाच्या व्यवहारात गुंतली आणि 1841 मध्ये बुडाली, हेही तराजूत टाका.

उत्तर लिहिताना क्रम असा ठेवा: महसुलाच्या वाटेतून आलेला लगाम, मग विरोधकांचे गट, मग 1832, आणि सर्वात जास्त जागा 1833-34 ला. मिझूरीचा सिनेटर थॉमस हार्ट बेंटन याला नाण्यांच्या बाजूला ठेवा. पश्चिमेकडच्या नव्या बँकवाल्यांना नोटांच्या बाजूला. न्यूयॉर्कवाल्यांना ठेवींच्या बाजूला. देशाच्या जकातीचा मोठा वाटा त्यांच्या बंदरात गोळा होई आणि तो फिलाडेल्फियाच्या बँकेत जमा होतो, ही त्यांची जुनी सल होती. मूळ कागदांपैकी निदान चार हाताखालून घाला: 1816 च्या कायद्याचं 16 वं कलम, नकाराचा संदेश, ठेवींबद्दल टॉनीने काँग्रेसला दिलेला अहवाल आणि बिडलची 1834 ची पत्रं. टॉनीचा अहवाल आणि ॲपल्टनला लिहिलेलं पत्र शेजारी शेजारी ठेवून वाचा, दोघंही आपण फक्त प्रतिकार करतोय असंच मांडतात.